जर्मनीत शिकायला येणाऱ्यांसाठी रोजची जर्मन वाक्ये, इंग्रजीला वळसा घालून

आडवाटेचा
आखन येथे पदव्युत्तर शिक्षणासाठी येऊन मला आता तिसरे वर्ष चालू आहे. जुलै संपत आला की ओळखीपाळखीतून निरोप येऊ लागतात, की अमक्याचा मुलगा किंवा तमक्याची भाची ऑक्टोबरच्या हिवाळी सत्राला निघाली आहे, तर कामापुरती चार वाक्ये लिहून पाठवा. मी पूर्वी अशा याद्या पाठवत असे. आता पाठवत नाही, कारण त्या सगळ्या इंग्रजीवरून बेतलेल्या असतात आणि माझी स्वतःची पहिली फजिती अशाच एका यादीमुळे झाली.

इथे आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी घराखालच्या बेकरीत गेलो आणि पाठ केल्याप्रमाणे 'इश विल त्स्वाय ब्र्योटशन' असे म्हणालो, म्हणजे 'मला दोन पाव पाहिजेत'. काउंटरमागच्या बाईंनी पाव दिले, परंतु त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या आजींनी तेच दोन पाव 'इश हेटं गेर्न त्स्वाय ब्र्योटशन' असे म्हणून मागितले आणि त्याच बाई हसून त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागल्या. खोलीवर येऊन व्याकरणाचे पुस्तक उघडले, तेव्हा कळले की 'हेटं' हे रूप 'हाटं' या भूतकाळी रूपापासून बनलेले आहे. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण किराणा दुकानात जाऊन 'काका, अर्धा किलो साखर हवी होती' असे म्हणतो, तेव्हा साखर आत्ताच हवी असते, तरीही क्रियापद भूतकाळात टाकून मागण्याची धार बोथट करतो. जर्मन माणूस नेमके तेच करतो. 'विल' म्हणजे हट्टाने 'पाहिजे', 'हेटं गेर्न' म्हणजे 'हवे होते'.

उच्चारांविषयी एक खुलासा करतो. शब्दाच्या शेवटी मी जिथे अनुस्वार दिला आहे, तिथे तो बोलण्यातल्या 'केलं', 'झालं' यांच्या शेवटासारखा वाचावा, नाकात नव्हे. म्हणून 'कृपया' या अर्थाचा शब्द 'बिट्टे' असा न लिहिता 'बिटं' असा लिहितो. 'इश' मधला 'श' हा पुरता 'श' नसून 'श' आणि 'ह' यांच्या मधला आहे. तो ऐकूनच जमतो.

दुसरे उदाहरण थंडीचे. इंग्रजी वाक्याचा साचा उचलून 'इश बिन काल्ट' असे म्हटले, तर 'मी थंड वृत्तीचा माणूस आहे' असा काहीसा अर्थ होतो, आणि त्याच चालीने उकाड्याविषयी बोलायला गेलात, तर भलताच अर्थ निघून समोरचा माणूस खाली पाहू लागतो. बरोबर वाक्य 'मीअर इस्ट काल्ट' असे आहे, आणि 'मीअर' म्हणजे 'मला'. मराठी माणूस 'मी थंड आहे' असे कधी म्हणतो का? तो 'मला थंडी वाजते' असेच म्हणतो. 'मला कंटाळा आला' हे 'मीअर इस्ट लांगवायलिश', तर 'इश बिन लांगवायलिश' म्हणजे 'मी कंटाळवाणा आहे'. 'मला हे आवडते' हे 'डास गेफेल्ट मीअर', आणि त्यातही कर्ता ती वस्तू असून माणूस 'मला' या विभक्तीत आहे. मराठीतले 'मला' जिथे जिथे येते, तिथे जर्मनमध्ये 'मीअर' येईल का, हे आधी तपासून पाहावे, असे मी नव्याने येणाऱ्यांना सांगतो.

आपापल्या शहरातील अनुभव लिहावेत. मात्र याद्या नकोत. वाक्य कुठे उपयोगी पडले आणि का, ते सांगावे.

लाइपझिगची वारी
धागा आवडला. घड्याळाविषयी लिहिते, कारण माझी पहिली भेटीची वेळ मी त्यामुळेच चुकवली. 'हाल्प फीअर' म्हणजे शब्दशः 'अर्धा चार', आणि अर्थ साडेतीन. इंग्रजीची सवय असलेला माणूस ते साडेचार समजतो आणि तासभर उशिरा पोहोचतो. मीही तशीच पोहोचले आणि दार बंद झालेले पाहून परत आले. येथवर सर्व जर्मनीत सारखेच आहे. परंतु पूर्वेकडे आणि दक्षिणेच्या काही भागांत याच्याही पुढची पायरी ऐकू येते. माझी घरमालकीण सव्वातीनला 'फिअर्टल फीअर' म्हणते, म्हणजे 'चाराचा पाव', आणि पावणेचारला 'ड्रायफिअर्टल फीअर', म्हणजे 'चाराचे तीन पाव'. आमच्याबरोबर शिकणारे उत्तरेकडचे जर्मन विद्यार्थीसुद्धा हे ऐकून गोंधळतात. मला मात्र आठवडाभरात सवय झाली, कारण पावणेचार म्हणताना आपणही उगवायच्या तासाचेच नाव घेतो. तीन वाजून गेले आहेत याचा उल्लेख 'पावणेचार' या शब्दात कुठेच नाही.

आकड्यांचेही तसेच आहे. पंचवीसला जर्मन 'फ्युन्फउन्टत्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे 'पाच आणि वीस'. इंग्रजीतून येणाऱ्यांना एकक आधी आणि दशक नंतर हे उलटे वाटते, पण पंचवीस या शब्दात तरी आधी काय आहे? 'पंच' की 'वीस'? फक्त एकोणतीस, एकोणचाळीस या आपल्या 'एक उणे' घराण्याला तिकडे जागा नाही, तिथे सरळ 'नऊ आणि वीस' असेच म्हणतात. दुकानात रक्कम ऐकताना डोक्यात मराठी आकडे चालू ठेवा, इंग्रजी नकोत. मी हे करू लागल्यापासून गल्ल्यावरच्या पडद्याकडे मान वळवून पाहणे थांबले आहे.

आणखी एक गंमत. 'हॉयटं इन आख्ट टागन' म्हणजे शब्दशः 'आजपासून आठ दिवसांनी', आणि अर्थ पुढच्या आठवड्यात याच वारी. आपल्या 'आठवडा' या शब्दातही हेच आठ दिवस दडलेले आहेत. दोन आठवड्यांना मात्र ते 'चौदा दिवस' म्हणतात आणि आपण पंधरवडा, तेव्हा तिथे जपून.

रोकठोक
धागा रंजक आहे, परंतु मला यातले बरेचसे भावनिक वाटते. माझा अभ्यासक्रम पूर्णपणे इंग्रजीत आहे, वर्गातील निम्मे विद्यार्थी परदेशी आहेत, आणि पाटी असो वा पत्र, भ्रमणध्वनीचा कॅमेरा समोर धरला की भाषांतर हजर होते. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे, आणि त्यांतील बहुतेकांचे गाडे इंग्रजीवरच चालते. 'मीअर' आणि 'मला' यांची सोयरीक जुळवण्यात वेळ घालवण्यापेक्षा मुलांनी आपल्या विषयाकडे लक्ष द्यावे, हे अधिक व्यवहार्य नव्हे काय?

आडवाटेचा
रोकठोक, आलेले पत्र वाचण्यापुरते तुमचे म्हणणे मला मान्य आहे. विमा कंपनीचे चार पानी पत्र मीही कॅमेऱ्यानेच वाचतो. परंतु राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाचे 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' नावाचे प्रमाणपत्र लागते. या शब्दाला घाबरू नये, कारण तो तीन डब्यांची आगगाडी आहे: 'वोनुंग' म्हणजे घर, 'गेबर' म्हणजे देणारा, 'बेश्टेटिगुंग' म्हणजे दाखला. घर देणाऱ्याचा दाखला. आता त्या खिडकीवर बसलेल्या व्यक्तीने तुमच्याशी इंग्रजीत बोललेच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही, कारण प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्याच्या तेविसाव्या कलमात कार्यालयीन भाषा जर्मन आहे असे स्वच्छ लिहिलेले आहे. पुष्कळ जण आपणहून इंग्रजी बोलतात, पण तो त्यांचा चांगुलपणा.

अशा ठिकाणी मला सर्वांत उपयोगी पडलेले वाक्य 'क्योन्टन झी मीअर डास बिटं आउफश्रायबन?' हे आहे, म्हणजे 'हे मला जरा लिहून द्याल का?' 'हळू बोला' असे सांगितले की समोरची व्यक्ती दोन वाक्ये हळू बोलते आणि तिसऱ्याला पुन्हा मूळ वेगावर येते. लिहून मागितले की कोणता कागद आणायचा, कोणत्या खोलीत जायचे आणि केव्हा, हे सारे हातात पडते, आणि मग तुमचा कॅमेराही कामाला लागतो. बोलण्याची सुरुवात मात्र 'झी स्प्रेशन इंग्लिश का' अशा खिचडीने करू नये. 'माइन डॉइच इस्ट नोख निश्ट झो गूट', म्हणजे 'माझे जर्मन अजून तितके चांगले नाही', या वाक्याने करावी. त्यातला 'नोख', म्हणजे 'अजून', फार मोलाचा आहे, कारण शिकण्याचा प्रयत्न चालू आहे हे त्या एका शब्दातून पोहोचते.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला आव्हान देतो. 'मी आजारी आहे म्हणून येऊ शकत नाही' हे सांगताना 'कारण' वापरून वाक्य करा: 'कारण मी आजारी आहे'. जर्मनमध्ये ते 'वाइल इश क्रांक बिन' असे होते. 'वाइल' कारण, 'इश' मी, 'क्रांक' आजारी, 'बिन' आहे. शब्दाला शब्द, जागेला जागा. इंग्रजी माध्यमातून शिकणारे माझे सहाध्यायी हे क्रियापद शेवटी न्यायला सहा महिने झटत होते. यात भावना कुठे आली? यात कष्ट वाचले.

पांढरा कोट
मी उत्तर जर्मनीतील एका रुग्णालयात काम करते. विद्यार्थी आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना दुखणे सांगता येत नाही असे नाही, परंतु ते इंग्रजीतल्या एकाच शब्दावर थांबतात. 'दुखते', बस्स. मराठी माणसाजवळ दुखण्याचे किती शब्द आहेत ते पाहा: ठणका लागणे, टोचणे, जळजळणे, ओढ लागणे, कळ येणे. जर्मन डॉक्टरही असेच नेमके प्रश्न विचारतात. 'पोखंट' म्हणजे ठणकणारे, 'श्टेशंट' म्हणजे टोचणारे, 'ब्रेनंट' म्हणजे जळजळणारे, आणि 'त्सीअंट' म्हणजे ओढल्यासारखे. दाढ दुखत असताना 'पोखंट' असे सांगितले, तर दंतवैद्याच्या मनात एक शक्यता उभी राहते आणि 'श्टेशंट' सांगितले तर वेगळी. म्हणून ही चार विशेषणे पाठ करून ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

डॉक्टर पहिल्यांदा बहुधा 'वास फेल्ट ईनन?' असे विचारतात. त्याचा शब्दशः अर्थ 'तुम्हाला कशाची उणीव आहे?' असा होतो, त्यामुळे एका नव्या विद्यार्थ्याने घरच्या जेवणाची, असे उत्तर दिले होते. खरे तर तो साधा 'काय होतंय तुम्हाला?' एवढाच प्रश्न आहे. मळमळत असेल तर 'मीअर इस्ट ऊबल', चक्कर येत असेल तर 'मीअर इस्ट श्विंडेलिश'. धागाकर्त्यांनी सांगितलेले 'मला' इथेही आहेच. पुढचा प्रश्न 'झाइट वान?', म्हणजे केव्हापासून. 'मला तीन दिवसांपासून ताप आहे' यात आपण वर्तमानकाळ वापरतो आणि जर्मनही वर्तमानकाळच वापरतात: 'इश हाबं झाइट ड्राय टागन फीबर'. इंग्रजीतला काळ इथे आणला, तर ताप येऊन गेला असे ऐकणाऱ्याला वाटू शकते.

रक्त तपासायला बोलावले आणि चिठ्ठीवर 'न्युश्टर्न' असा शब्द दिसला, तर न खाता जायचे. कोशात या शब्दाचा 'दारू न प्यालेला' असाही अर्थ सापडतो आणि मुले गोंधळतात, काही तर दुखावली जातात. 'आउफ न्युश्टर्नन मागन' म्हणजे सरळ 'उपाशी पोटी'. तिथे 'मागन' म्हणजे पोट, त्यामुळे वाक्प्रचारसुद्धा आपलाच आहे.

दोन क्रमांक लक्षात असावेत. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. दवाखाने बंद असताना ताप किंवा पोटदुखी थांबत नसेल, पण रुग्णवाहिकेइतके गंभीर नसेल, तर ११६११७. परीक्षेला जाता येणार नसेल, तर 'इश ब्राउखं आइन आटेस्ट फ्युर डी प्र्युफुंग', म्हणजे परीक्षेसाठी वैद्यकीय दाखला हवा, हे तपासणीच्या वेळीच सांगावे. परीक्षा होऊन गेल्यावर दाखला मागायला येणाऱ्यांना आम्ही फारशी मदत करू शकत नाही.

गोदाकाठ
नमस्कार. मी नाशिकचा आहे. माझी मुलगी येत्या सप्टेंबरमध्ये श्टुटगार्टला निघाली आहे. तिने पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनातून पहिल्या दोन पातळ्या केल्या आहेत, वाचता चांगले येते, परंतु दूरध्वनीवर बोलायचे म्हटले की तिचे हातपाय गळतात. गेल्या आठवड्यात तिने वसतिगृहाच्या कार्यालयाला फोन केला आणि आमचे जोशी आडनाव समोरच्यांनी तीन वेळा चुकीचे लिहून घेतले. उरलेल्या महिन्याभरात फोनची तयारी कशी करून घ्यावी, हे कृपया कोणी सांगाल का?

योशी नव्हे जोशी
काका, माझे टोपणनाव पाहूनच आपल्या लक्षात येईल की मी या दुखण्याचा जुना रोगी आहे. पहिल्यांदा दवाखान्यात गेलो, तेव्हा परिचारिका दारात येऊन 'हेर योशी' असे तीनदा पुकारून आत गेली आणि मी मात्र त्या योशी नावाच्या जपानी माणसाची वाट पाहत शांत बसून राहिलो. रोमन लिपीतले जोशीचे पहिले अक्षर जर्मन माणूस 'य' असे वाचतो. त्यामुळे आपण 'योशी' आहोत हे मुलीने मनाशी स्वीकारावे, भांडत बसू नये.

फोनवरचा घोटाळा वेगळा आहे, आणि तो अक्षरांच्या नावांचा आहे. आपण लहानपणापासून इंग्रजी नावांनी अक्षरे सांगतो. जर्मनमध्ये पहिल्या अक्षराचे नाव 'आ' आहे, पाचव्याचे 'ए' आणि नवव्याचे 'ई'. म्हणजे मी इंग्रजी पद्धतीने 'ए' म्हणालो, तर ते पाचवे अक्षर लिहितात, आणि 'ई' म्हणालो, तर नववे. कुलकर्णी आडनावाच्या माझ्या खोलीसोबत्याने आपले नाव इंग्रजी ढंगाने सांगितले आणि त्याच्या बँकेच्या पत्रावर 'कुल्केर्नाइ' छापून आले. जोशीचे पहिले अक्षर फोनवर 'जे' नव्हे, 'योट' असे सांगायचे.

त्यातूनही खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक अक्षरासोबत एक ठरलेला शब्द सांगणे. २०२२ पासून कार्यालयीन वापराच्या मानकात त्यासाठी शहरांची नावे आली आहेत. त्याप्रमाणे जोशी हे आडनाव 'येना, ऑफनबाख, झाल्त्सवेडल, हांबुर्ग, इंगलहाइम' असे होते. वयस्कर मंडळी अजून जुन्या पद्धतीची माणसांची नावे वापरतात, पण शहरे सांगितली तरी कोणाचे अडत नाही. मुलीने ही पाच शहरे स्तोत्रासारखी पाठ करावीत. मी हे गमतीने सांगत नाही. गेल्या वर्षभरात माझे आडनाव एकदाही चुकले नाही.

लाइपझिगची वारी
काका, फोनच्या सुरुवातीची पद्धतही मुलीला सांगा. इथे फोन उचलणारा 'हॅलो' म्हणण्याऐवजी बहुधा आपले आडनाव सांगतो, आणि फोन करणाऱ्यानेही आधी नाव सांगायचे असते. 'गूटन टाग, योशी माइन नामं, इश हेटं गेर्न आयनन टेर्मीन', म्हणजे 'नमस्कार, मी जोशी, मला भेटीची वेळ हवी होती'. पहिल्या पोस्टमधली साखर इथेही आलीच. वेळ सांगितली गेली की ती स्वतः उच्चारून दाखवावी, आणि 'हाल्प' ऐकू आले तर 'म्हणजे साडेतीन ना?' असे आकड्यात पक्के करून घ्यावे: 'आल्झो ड्राय ऊअर ड्रायसिश?' यात कोणालाही गैर वाटत नाही.

मधल्या आळीतला
मी थोडा विरोधी सूर लावतो. मराठी जवळची आहे म्हणून ती सगळीकडे वाट दाखवील असे समजणाऱ्याची फसगत होते, आणि माझी झालेली आहे.

पहिली गोष्ट 'बिटं' या शब्दाची. मराठीत आपण आदर क्रियापदाच्या पोटातच घालतो. 'पाणी द्याल का' यात 'कृपया' असा वेगळा शब्द लागत नाही, उलट लावला तर सरकारी परिपत्रकासारखे वाटते. त्यामुळे मराठी माणूस जर्मन बोलताना 'बिटं' गाळतो आणि उद्धट ठरतो. तो शब्द हाताला सवय होईपर्यंत मुद्दाम घालत राहावा.

दुसरी गोष्ट 'डांकं' ची. माझ्या प्राध्यापकांनी संशोधन गटातील आम्हा सर्वांना घरी बोलावले होते. मनुक्यांचा केक होता, आणि फार चांगला होता. बाईंनी दुसरा तुकडा पुढे केला आणि मी कृतज्ञतेने मान झुकवून 'डांकं' म्हणालो. ताटली शांतपणे पुढच्या माणसाकडे गेली. कोणी काही देऊ केले असता नुसते 'डांकं' म्हणणे म्हणजे 'नको, आभारी आहे'. हवे असेल तर 'या, गेर्न', म्हणजे 'हो, आवडेल', असे म्हणावे लागते. शिवाय आपल्याकडचा आग्रह तिकडे नाही. आधी नको म्हणायचे, दुसऱ्यांदा विचारल्यावर नाही-होय करायचे आणि तिसऱ्यांदा घ्यायचे, हा शिष्टाचार पाळणारा त्या घरातून उपाशी परत येतो. मी परत येताना स्थानकावर सँडविच घेतले.

तिसरी गोष्ट लिंगाची. मराठीप्रमाणेच जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत, आणि सुरुवातीला योगायोग असे जुळतात की माणूस हुरळून जातो. ते मूल, ते पुस्तक, ते घर: 'डास किंट', 'डास बूख', 'डास हाउस', तिन्ही नपुंसकलिंगी. तो चमचा म्हणजे 'डेअर ल्योफल', पुल्लिंगीच. मग टेबलावरच्याच काट्याने घात केला. काटा तिकडे स्त्रीलिंगी आहे आणि सुरी नपुंसकलिंगी. सूर्य स्त्रीलिंगी आहे. तीन लिंगांची कल्पना समजावून घ्यायला मराठी उपयोगी, प्रत्येक शब्दाचे लिंग मात्र त्या शब्दासोबतच घोकावे.

रोकठोक
मधल्या आळीतले, केकचा प्रसंग वाचून हसलो, आणि थोडा ओशाळलोही, कारण माझ्या घरमालकांनी मला दोन वेळा कॉफी विचारली होती आणि दोन्ही वेळा ती आली नाही. मी त्यांना कंजूष समजत होतो.

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला आता मी तितकासा विरोध करत नाही. एक भर घालतो. मागच्या हिवाळ्यात मी कचरा टाकायला चपला घालून खाली गेलो आणि खोलीचे दार मागे लागले. इथली बरीच दारे नुसती ओढली तरी बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. अशा वेळी 'इश हाबं मिश आउसगेश्पेर्ट', म्हणजे 'माझे दार लागून मी बाहेर अडकलो आहे', हे वाक्य येत असेल तर शेजारी मदतीला येतात. मला येत नव्हते, आणि भ्रमणध्वनी आत होता, त्यामुळे माझा लाडका कॅमेराही नव्हता. शेजाऱ्यांनी बोलावलेल्या कुलूपवाल्याने काम आधी केले आणि आकडा नंतर सांगितला. तो आकडा माझ्या महिन्याच्या भाड्याच्या जवळपास होता. म्हणून दुसरे वाक्य त्याने हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी म्हणायचे: 'वास कोस्टेट डास इन्सगेझाम्ट, मिट आनफार्ट?' म्हणजे येण्या-जाण्याचा खर्च धरून एकूण किती होतील? 'इन्सगेझाम्ट' हा शब्द गाळू नये. तो गाळल्याची किंमत मी भरलेली आहे.

पांढरा कोट
'डोख' या शब्दाविषयी अजून कोणी कसे लिहिले नाही? 'हास्ट डू काइनन हुंगर?' म्हणजे 'भूक नाही का तुला?' यावर 'या' म्हटले तर भूक आहे की नाही, ते कळतच नाही. जर्मन माणूस 'डोख' म्हणतो. इंग्रजीत याला एका शब्दाचा प्रतिशब्द मिळत नाही आणि पुस्तके त्यावर पानभर खर्च करतात. आपल्याकडे तो आहे: 'आहे की!' त्यातला 'की' म्हणजेच 'डोख'. तसाच 'माल' म्हणजे आपला 'जरा'. 'शाउ माल', 'बघ जरा'. हे दोन लहान शब्द जागेवर पडू लागले की समोरची माणसे आपणहून इंग्रजीवर उडी मारणे थांबवतात, असा माझा वॉर्डमधला अनुभव आहे.

आडवाटेचा
'डोख' म्हणजे 'की', हे मला तीन वर्षांत सुचले नव्हते. वहीत लिहून घेतले.

विद्यापीठाच्या पत्रव्यवहारातील एक शब्द नव्यांच्या नजरेस आणून देतो. 'र्‍युकमेल्डुंग'. एखाद्या ईमेलच्या शेवटी 'तुमच्या र्‍युकमेल्डुंगची वाट पाहतो' असे असेल, तर त्यांना फक्त उत्तर हवे आहे. पण विद्यार्थी विभागाकडून 'र्‍युकमेल्डुंग'ची मुदत कळवणारे पत्र आले, तर तो पुढच्या सत्रासाठी नाव चालू ठेवण्याचा विषय आहे. त्यासाठी सत्राचे शुल्क मुदतीत भरावे लागते, न भरल्यास नाव कमी होऊ शकते. शब्द एकच, पण दुसऱ्या वेळी नुसते उत्तर पाठवून भागत नाही. वेळापत्रकात '१० वाजता' यापुढे 'त्से टे' ही दोन अक्षरे दिसली, तर तास सव्वादहाला सुरू होतो, हेही सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी मी रिकाम्या वर्गात पंधरा मिनिटे एकटा बसलो होतो.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. गेले आठ दिवस जेवणानंतर मी कार्यालयातला माणूस होतो आणि मुलगी स्वयंपाकघरातून फोन करते. येना, ऑफनबाख वगैरे पाच शहरे आता तिच्या आजीलाही पाठ झाली आहेत. काल तिने श्टुटगार्टच्या कार्यालयाला खराखुरा फोन केला, नाव पहिल्याच खेपेला बरोबर लिहून घेतले गेले आणि पुढील मंगळवारची वेळ मिळाली. शेवटी मात्र ती 'आउफ वीडरझेअन' म्हणाली आणि पलीकडच्या बाई हसल्यासारख्या वाटल्या, असे तिचे म्हणणे आहे. त्यात काय चुकले?

आडवाटेचा
काका, चुकले असे नाही. 'झेअन' म्हणजे पाहणे, त्यामुळे तो निरोप समोरासमोरचा आहे. फोनवर कोणी कोणाला पाहत नाही, म्हणून तिथे 'ह्योरन', म्हणजे ऐकणे, हा शब्द घेऊन 'आउफ वीडरह्योरन' म्हणतात. मंगळवारी ती त्या बाईंसमोर प्रत्यक्ष बसणार असेल, तर 'वीडरझेअन'च बरोबर आहे. आणि वेळ 'हाल्प'ची आहे का, तेवढे तिला पुन्हा एकदा विचारून घ्या.